खिडकीचा उजेड आणि कापडी अस्वल

दुखापतीतून सावरताना मऊ खेळण्यांची छायाचित्रे काढण्याचा छंद जडल्याचे एका लेखात लेखिकेने लिहिले आहे, ते वाचून मनापासून आनंद झाला. घोट्याला प्लास्टर असताना मीही भाचीचे कापडी अस्वल घेऊन हेच करत असे, आणि ते दिवस त्यामुळेच सुसह्य झाले, म्हणून काही गोष्टी आवर्जून सुचवाव्याशा वाटतात. फ्लॅश शक्यतो टाळावा. खिडकीतून तिरपा येणारा उजेड लवेचा पोत उठावदार करतो आणि विरुद्ध बाजूला पांढरा पुठ्ठा उभा केला की सावलीतला भागही उजळतो. कॅमेरा खेळण्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आणावा, कारण त्या काळ्या मण्यांत खिडकीचे प्रतिबिंब चमकले की चेहरा जिवंत वाटू लागतो. अगदी जवळून टिपताना एफ २.८ वर, म्हणजे भिंगाचे छिद्र मोठे ठेवल्यावर, नाक स्पष्ट आणि कान धूसर येतात. छिद्र लहान करून एफ ८ ठेवल्यास चेहरा बराच रेखीव मिळतो, मात्र शटरचा वेग मंदावत असल्याने हात हलून चित्र पुसट होऊ नये म्हणून कॅमेरा पुस्तकांच्या थप्पीवर ठेवून २ सेकंदांचा टायमर लावावा. पलंगावर बसूनही हे सारे जमते. गडद लवेची खेळणी मात्र कॅमेऱ्याच्या प्रकाशाच्या स्वयंचलित मोजणीत फिकट राखाडी दिसतात, त्यांच्यासाठी एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) थोडे कमी करावे.