चौथ्या पिढीचा प्रोसेसर आणि आठ हजारांची मंजुरी

जुना गेमिंग कॉम्प्युटर एका दमात मेला असता तर घरातल्या बऱ्याच कटकटी वाचल्या असत्या. तो हप्त्याहप्त्याने मरतो आणि प्रत्येक हप्ता मालकाच्या खिशातून वसूल करतो. माझ्याकडचा २०१४ सालचा आहे. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, एच-८१ चिपसेटचा मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात ती मुख्य पाटी), आठ जीबी डीडीआर-थ्री रॅम आणि एनव्हिडियाचे जीटीएक्स ७५० टीआय हे ग्राफिक्स कार्ड, असा त्याचा संसार. त्या काळी गोव्यातल्या प्रियोळच्या आमच्या वाड्यावरची मुले तो पाहायला येत असत. आता तीच मुले बंगळुरूला नोकऱ्या करतात आणि चतुर्थीला घरी आली की ‘काका, हा अजून चालतो?’ असे विचारतात. मी दिवसा फोंडा-पणजी मार्गावर बाणस्तारीच्या पुलाअलीकडे बसमध्ये अडकून पडतो आणि रात्री जेवण झाल्यावर युरोपातल्या मोकळ्या रस्त्यांवरून मालवाहू ट्रक हाकण्याचा खेळ खेळतो. दिवसभर रस्त्यावर काढून रात्री पुन्हा रस्ताच कसा लागतो, हे माझ्या पत्नीला आजवर उमगलेले नाही.

पहिला हप्ता स्वस्तातला होता. मिरगाच्या तोंडावर वीज जा-ये करू लागली आणि कॉम्प्युटर दर वेळी जागा होताना १ जानेवारी २०१४ ही तारीख दाखवू लागला. तारीख मागे गेली की सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत, कारण त्यांच्या प्रमाणपत्रांची मुदत कॉम्प्युटरच्या हिशेबी अजून सुरूच झालेली नसते. याचे मूळ मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सीआर-२०३२ या सेलमध्ये असते. वीज नसताना घड्याळ चालू ठेवण्याचे काम हा तीन व्होल्टचा सेल मुकाट्याने करतो आणि एक दिवस मुकाट्याने सोडून देतो. घड्याळे दुरुस्त करणाऱ्याकडून तो आणून बसवला आणि पन्नास रुपयांच्या आत आमचे घर चालू सालात परत आले.

या यशाच्या जोरावर मी घरात आठ हजार रुपयांची मंजुरी मिळवली. मंजुरीची बातमी कॉम्प्युटरच्या कानावर कोणी घातली कोण जाणे, पण लगेचच एका रात्री मोठा गडगडाट झाला आणि सकाळी बटण दाबल्यावर आतून हूं की चूं होईना.

एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज कॉम्प्युटरला लागेल तशी करून देणारा डबा, जिवंत आहे की नाही हे पाहण्याची एक जुनी रीत आहे. त्याच्या सगळ्या जोडण्या काढून घ्यायच्या, चोवीस पिनांच्या मोठ्या कनेक्टरमधली हिरवी तार आणि कोणतीही एक काळी तार कागदाला लावायच्या क्लिपने जोडायची आणि मगच भिंतीवरचे बटण दाबायचे. पंखा फिरला तर धुगधुगी आहे असे समजावे. मी क्लिप वाकवत असताना आई देवापुढची वात तशीच ठेवून दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “अरे, शॉक बसेल. पायात चपला तरी घाल.” मी चपला घातल्या. पंखा फिरला नाही. जाळीतून टॉर्च मारून पाहिले तेव्हा आतल्या दोन कॅपॅसिटरांची (वीज साठवणाऱ्या डब्यांची) डोकी फुगलेली दिसली, आणि बाहेरच्या बाजूला, पंख्याच्या जाळीलगत, पत्र्याला घट्ट चिकटलेली पालीची दोन पांढरी अंडीही दिसली. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या मुलखात तिला इतकी कोरडी आणि उबदार जागा दुसरीकडे कुठे मिळाली असती? तिच्या निवडीला मी नावे ठेवत नाही. (एसएमपीएस उघडून कॅपॅसिटर बदलू पाहणाऱ्यांना मात्र नावे ठेवतो, वीज काढल्यावरही त्यांत जीवघेणा भार उरलेला असू शकतो.)

फोंड्याच्या बाजारात दुकानदाराने दोन एसएमपीएस माझ्यापुढे ठेवले. दोघांवरही ४५० वॅट असे छापलेले होते, पण एकाची किंमत साडेसहाशे रुपये होती आणि दुसऱ्याची सव्वीसशे. साडेसहाशेचा हातात घेतला तेव्हा आत काही आहे की नुसता पंखाच बसवला आहे, अशी शंका आली. दुसऱ्यावर ‘८० प्लस’ अशी मोहोर होती. त्याचा अर्थ असा की भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी निदान ऐंशी टक्के वीज कॉम्प्युटरला मिळते, उरलेलीच उष्णता होऊन वाया जाते. मी दोघांतला फरक विचारला, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “पात्रांव, हें चलता. तें चलत रावता.” (साहेब, हे चालते. ते चालत राहते.) इतकी नेमकी तुलना मला कोणत्याही माहितीपत्रकात वाचायला मिळालेली नाही. जुन्या कॉम्प्युटरवर खर्च करताना हात कुठेही आखडावा, पण एसएमपीएसवर आखडू नये, कारण स्वस्त एसएमपीएस जाताना सहसा एकटा जात नाही, असे माझे ठाम मत आहे.

नवा एसएमपीएस बसवताच पंखे फिरले, दिवे लागले आणि मदरबोर्ड लांब लांब शिट्ट्या मारू लागला. ही तक्रार बहुधा रॅमची असते. आमच्याकडच्या दमट हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर बारीक पुटे चढतात आणि त्यावरचा इलाज शाळकरी मुलांच्या दप्तरात सापडतो. पेन्सिल खोडायचे रबर त्या पट्ट्यांवरून हलक्या हाताने फिरवले, कचरा झटकला आणि पट्टी पुन्हा बसवली की निम्मे आजार बरे होतात. आमच्या मुलीने आपले फुलाफुलांचे सुवासिक रबर या कामासाठी दिले खरे, पण ते काळे झाल्यावर नुकसानभरपाई म्हणून दोन नवी रबरे मागून घेतली. रॅम बदलावी लागली नाही हे नशीबच म्हणायचे, कारण कारखान्यांनी आपला माल कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडे वळवल्यापासून रॅमचे भाव आकाशाला भिडले आहेत.

मग पडद्यावर हिरवे चौकोन दिसू लागले. जर्मनीतल्या रस्त्यावर असे चौकोन उगवले की समोर ट्रक आहे की झाड आहे हे कळत नाही. ग्राफिक्स कार्डाचे दिवस भरले होते. बंगळुरूच्या भाच्याला फोन केला, तेव्हा त्याने समंजस डॉक्टरच्या सुरात सांगितले, “काका, त्यावर आता खर्च करू नका, नवा सेट घ्या.” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर निदान आठव्या पिढीचा लागतो, विंडोज १० चा सर्वसाधारण आधार, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि माझा प्रोसेसर चौथ्या पिढीचा. पण नुसता प्रोसेसर बदलावा म्हटले तर पत्रिका जुळत नाही. नव्या प्रोसेसरला माझ्या मदरबोर्डचे सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) चालत नाही, नव्या मदरबोर्डला माझी रॅम चालत नाही. डीडीआर-थ्रीच्या पट्टीला २४० पिना, डीडीआर-फोरच्या पट्टीला २८८ आणि मधली खाचही वेगळ्या जागी, म्हणजे जबरदस्तीने लग्न लावण्याची सोयसुद्धा ठेवलेली नाही. शेवटी जुने म्हणून उरतो तो पत्र्याचा डबा, आणि मंजुरी तर आठ हजारांचीच.

तेव्हा मी वापरलेल्या कार्डांच्या बाजारात उतरलो. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम या आभासी चलनाचे व्यवहार पडताळण्याची पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर ते ‘खणून’ काढण्याचा धंदा बसला. त्या धंद्यात अहोरात्र राबवलेली कार्डे तेव्हापासून स्वस्तात बाजारात आली. म्हापशाच्या एका तरुणाने मला आरएक्स ५८० हे कार्ड दाखवले आणि ‘घरगुती वापर’ असे सांगितले. एकाच घरात अशी सहा कार्डे ओळीने मांडलेली पाहून मला त्या घराविषयी आदर वाटला. कार्ड ताकदवान होते, पण १८५ वॅट खाणारे होते, त्याला वेगळी आठ पिनांची वीजजोडणी लागत होती आणि लांबीला ते माझ्या कॅबिनेटमधल्या हार्ड डिस्कच्या खणात घुसत होते. मी पट्टीने मोजून पाहिले आणि नमस्कार करून निघालो.

अखेरीस जीटीएक्स १०५० टीआय मिळाले. ते ७५ वॅटांत भागते आणि त्याच्या बहुतेक मॉडेलांना मदरबोर्डच्या खाचेतून मिळते तेवढी वीज पुरते. विकणाऱ्या गृहस्थांनी ‘टेस्टिंग वॉरंटी’ दिली, म्हणजे घरी पोहोचून लावून पाहीपर्यंतची. पाच हजार मोजले, तिसकाच्या थांब्यापर्यंत ते कार्ड छत्रीखाली पोटाशी धरून आणले, बसवले, स्क्रू आवळले आणि मग लक्षात आले की एनव्हिडियाने या पिढीपासून व्हीजीए ही मॉनिटरची जुनी जोडणी देणेच बंद केले आहे, तर माझ्या मॉनिटरला व्हीजीएवाचून दुसरे काही ठाऊक नाही.

एचडीएमआय या नव्या जोडणीचे व्हीजीए करणारा अडॅप्टर साडेतीनशेला मिळाला. त्यासाठीची रक्कम मंजुरीत बसवताना घरच्या वहीत ‘किरकोळ’ या सदराला बराच ताण पडला. कॉम्प्युटर आता उत्तम चालतो. फक्त त्या अडॅप्टरमुळे पडद्यावरचे चित्र अधूनमधून दोन बोटे डावीकडे सरकते आणि माझा ट्रक अर्धा रस्त्यावर, अर्धा पडद्याबाहेर धावू लागतो. मॉनिटरचे ‘ऑटो’ बटण दाबले की चित्र जागेवर येते, पण ते बटण आत गेलेले असल्यामुळे आगकाडीने दाबावे लागते. पत्नीने काड्यापेटी देवघरातून उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवली आहे. नव्या मॉनिटरचा विषय चतुर्थीचा खर्च आटोपल्यावर काढायचा, असे मी ठरवले आहे.