आत येण्यासाठी क्लिक करा

आमचा धंदा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. 2009 साली पुतण्यानं, तो तेव्हा कॉलेजात होता, आमची वेबसाइट करून दिली. उघडली की काळ्या पडद्यावर एक खोकं गिरक्या घेत यायचं, फटकन उघडायचं आणि आतून आमच्या फर्मचं नाव टुणकन उडी मारायचं. मग त्याखाली बटण: ‘आत येण्यासाठी क्लिक करा’. आल्यागेल्याला मी ते दाखवायचो. ज्यांना खोकी नको असायची त्यांनाही.

त्यामुळे ‘वेबसाइट आता बदलायला हवी’ असं भागीदार म्हणाला, तेव्हा मला ते जिव्हारी लागलं. म्हटलं, का? चालतेय की! हे मी कशाच्या जोरावर म्हणालो देव जाणे. मी स्वतः ती कित्येक वर्षांत उघडलेली नव्हती.

मग एकदा एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे गेलो होतो. खरेदी बघणाऱ्या बाईंनी विचारलं, ‘मापांची यादी आहे का?’ मी ऐटीत म्हणालो, ‘सगळं साइटवर आहे.’ त्यांनी लगेच कॉम्प्युटरवर पत्ता टाकला. पत्त्याच्या डाव्या अंगाला ‘नॉट सिक्युअर’ असं उमटलं, आणि खाली नुसता करडा चौकोन.

‘अहो, काही दिसत नाहीये.’

‘थांबा, आत्ता खोकं येईल.’

आम्ही दोघं खोक्याची वाट बघत बसलो. मध्ये त्यांचा एक फोन होऊन गेला. खोकं आलं नाही.

संध्याकाळी पुतण्याला फोन लावला. ‘काका, ते फ्लॅशमध्ये केलं होतं, हलती चित्रं करायच्या सॉफ्टवेअरमध्ये. फ्लॅश गेलं.’ जवळचं कुणी गेल्यासारखं मी विचारलं, ‘कधी?’ तर 31 डिसेंबर 2020 ला ते बनवणाऱ्या ॲडोबी कंपनीनं हात वर केले आणि 12 जानेवारी 2021 पासून फ्लॅश प्लेअरनं काही दाखवायचंच बंद केलं. आयफोनवर तर ते पहिल्यापासून चालत नव्हतं. का चालू देत नाही, हे ॲपलच्या स्टीव्ह जॉब्जनं 2010 मध्ये जाहीर पत्र लिहून कळवलंही होतं. मला ते मिळालं नाही.

आतली पानं धडधाकट होती म्हणे. फक्त ‘आत येण्यासाठी’चं बटणही त्या फ्लॅशमध्येच होतं. म्हणजे दुकान उघडं, दिवे चालू, आणि दरवाजा भिंतीत गडप. आयफोनवाल्यांनी तर आमचं दुकान आतून कधी बघितलंच नव्हतं.

‘आणि ते नॉट सिक्युअर?’ मला त्याचाच राग जास्त आला होता. आमची एक उधारी थकलेली नाही, आणि हे भर ऑफिसात अब्रू काढतंय! पुतण्या म्हणाला, ‘साइट अजून एचटीटीपीवर आहे, म्हणजे माहिती कुलूप न लावता ये-जा करते. क्रोम 2018 च्या जुलैपासून अशा सगळ्यांना तसं म्हणतं. सर्टिफिकेट टाकलं की जाईल. फुकट मिळतं.’ फुकट मिळतं हे ऐकून जास्तच झोंबलं.

मग त्यानं फोनवर आतलं पान उघडून दाखवलं. मुंग्यांची रांग चालल्यासारखी अक्षरं. दोन बोटांनी ताणताणून फोन नंबर गाठला, त्यावर बोट टेकवलं, काही होईना. नंबर चित्रात होता. म्हणजे लागायचा नाही, कॉपी व्हायचा नाही, आणि दृष्टिहीन माणसाचा स्क्रीन रीडर वाचू म्हणाला तरी त्याला नुसतं ‘इमेज’ एवढंच कळणार. शिवाय तो नंबर होता आमच्या जुन्या लँडलाइनचा, जी आम्ही केव्हाच काढून टाकली. हे शेवटचं मी भागीदाराला अजून सांगितलेलं नाही.

नवी साइट करायला घेतली. डिझायनर मुलीनं पहिला नमुना दाखवला. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं. मी चष्मा पुसला, लांब धरला, जवळ धरला. ‘क्लीन लुक आहे, सर.’ इतका क्लीन की मजकूरही निघून गेला होता! पुतण्यानं मोजून दाखवलं: अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात निदान 4.5 ला 1 एवढा फरक हवा असं वेबचे नियम सांगतात, आमचा अडीचच्याही खाली. माझा चष्मा निर्दोष सुटला.

मग खालचा मजकूर बघितला: ‘लोरेम इप्सम’. व्हायरस आला असं वाटून मी हात मागे घेतला. तर ती म्हणे सिसेरो या प्राचीन रोमन लेखकाच्या लॅटिनची मोडतोड, जागा भरायला वापरतात. ‘तुमचा मजकूर आला की काढू.’

तो द्यायचा होता मी. ‘आमच्याविषयी’ लिहायला तीन महिने लागले. पहिलं वाक्य झटकन सुचलं: ‘आम्ही खोकी बनवतो.’ ‘अजून थोडं, सर?’ मी विचार करून लिहिलं: ‘चांगली.’ मधल्या काळात सिसेरोच आमचा धंदा सांभाळत होता.

अखेर साइट सुरू झाली. पंधरा दिवस शुकशुकाट. गुगलवर स्वतःचं नाव टाकलं, आम्ही नव्हतोच. बांधकाम चालू असताना ‘सर्च इंजिनांनी इकडे फिरकू नये’ अशा अर्थाची एक टिक केलेली होती, ती काढायची राहून गेली. फॉर्मवर मात्र दोन चौकशा आल्या होत्या. दोन्ही वेबसाइट नव्यानं करून देणाऱ्यांच्या.

टिक काढून मी हात झटकतोय तोच फोन वाजला. नवं गिऱ्हाईक, पाच प्लायची हजार खोकी. मी भागीदाराला खूण केली, फोन स्पीकरवर टाकला आणि मुद्दाम विचारलं, ‘आमचा नंबर कुठं मिळाला आपल्याला?’

‘खोक्याच्या बुडाला छापलाय की तुमच्या.’

भागीदारानं कोपऱ्यातलं एक खोकं उचललं, उलटं केलं आणि बराच वेळ न्याहाळलं.

‘हा फाँट फार जुनाट वाटतोय,’ तो म्हणाला. ‘त्या मुलीला दाखवू या का?’