वर्दी घाला, रांग टाळा

सुट्टीवर आलात? ड्युटी संपली? मग वर्दी उतरवायची एवढी घाई कायले करता? तिच्याकडून घरची कामंही करून घ्या.

स्वतःची नसली तरी हरकत नाही. सैन्यानं 15 जानेवारी 2022 ला बारीक चौकोनी नक्षीचा नवा लढाऊ गणवेश आणला, त्या नक्षीची नोंदणी केली, खुल्या बाजारात विकायला मनाई केली. आपल्या आठवडी बाजारात मात्र तशीच दिसणारी पँट चड्डी-बनियानच्या ढिगावर लटकलेली असते. घासाघीस करा, देते तो.

गाडीच्या नंबरप्लेटवर ‘आर्मी’ लिहा. साळा फौजेत असला तरी चालते.

लग्नाला वर्दीतच जा, नवरदेव कोणीही असो.

नगर परिषदेच्या अग्निशमन दलात असाल तर सुट्टीच्या दिवशीही खाकी घालूनच पानठेल्यावर जा. लांबून पोलीस वाटता, खर्रा फुकट मिळतो. गंजी जळाली तेव्हा बंब कुठं होता, असं कोणी विचारलंच तर बॅटरी उतरली होती म्हणा.

सासुरवाडीला जाताना टोलनाक्यावर काच खाली करून फक्त खांदा दाखवा. टोलमाफी ड्युटीवरच्या जवानाला आहे, 1901 च्या कायद्यानं, पण नाक्यावरच्या पोरानं तो कायदा थोडाच वाचला आहे!

गडचिरोलीच्या रानात मात्र हा प्रयोग नको. तिथं हिरवे कपडे हौसेचे आहेत की ड्युटीचे, हे विचारत बसायची पद्धत नव्हती.

आता वर्दीचा खरा उपयोग. युरिया.

परवा कृषी केंद्रासमोर उजाडायच्या आधीपासून रांग. पाऊस पडून गेलेला, कपाशीला खत द्यायची वेळ. बॅगेसोबत नॅनो युरियाची ती नको असलेली बाटली गळ्यात पडणार हे सगळ्यांना ठाऊक, तरी माणसं आधार कार्ड धरून उभी. बायाही होत्या, एकीच्या कडेवर लेकरू. तेवढ्यात बुलेट आली. नखशिखांत लढाऊ वर्दी, डोळ्यावर गॉगल, रांगेकडं ढुंकूनही न पाहता थेट काउंटरला. ‘‘फौजी माणूस हाय भाऊ. तिकडं बॉर्डरवर उभं राहाचं, अन् इथंबी उभंच ठेवता का?’’ दुकानदार खुर्चीतून उठला! दोन बॅगा दिल्या. बाटली नाही, काही नाही. आम्ही गप्प. देशभक्तीपुढं कोण तोंड उघडणार? रांगेत आमच्या गावचा एक म्हातारा होता, सैन्याच्या गार्ड्स रेजिमेंटमधून निवृत्त झालेला, त्यांच्या कामठीच्या केंद्रात घडलेला माणूस. पायजामा घालून, दुपट्टा खांद्यावर टाकून आमच्यासारखाच उभा. त्यानं एवढंच विचारलं, ‘‘कोणत्या बटालियनचा हाय बापू?’’ गॉगल उतरला. ‘‘वर्दी भावाची हाय काका. तो सुट्टीवर आला ना.’’

म्हणजे जवान घरी बर्मुडा घालून झोपलेला, आणि वर्दी आली युरियाला! बॅगा तोवर बुलेटवर बांधून झाल्या होत्या.

कायद्याला घाबरू नका. लोकांना सैनिक वाटावं म्हणून असा वेश केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 मध्ये तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा 2000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या कायद्यात दंड 500 होता. महागाई तिथंही पोचली.

पण लाज नावाची काही गोष्ट? जानेवारी 2016 मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला करणारे सैन्याच्याच कपड्यांत आले होते. कपडा पाहून वाट सोडायची सवय आपणच लावतो आहोत. त्याच वर्षी 31 मेच्या मध्यरात्री वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावला सैन्याच्या दारूगोळा भांडारात आग लागली. आजूबाजूच्या गावांतली माणसं लेकरंबाळं घेऊन बाहेर पळत होती, आणि आग विझवणारे आत जात होते. दोन अधिकारी गेले, त्यांच्यासोबत कितीतरी आगवाले गेले. आणि तू तसलीच वर्दी घालून लेकुरवाळ्या बाईच्या पुढं घुसतोस?

आणि जवानभाऊ, तू कर आराम, तुझा हक्क आहे. पण पेटीला कुलूप लाव. धाकट्याकडं धड पँट नसेल तर एक घेऊन दे.

आणि दुकानदारशेठ, वर्दी पाहिल्यावर बाटलीशिवाय दोन बॅगा निघतात ना? म्हणजे माल आहे. उघडा ते मागचं गोदाम.