हुशार हाताला गार्ड लागत नाही म्हणे!

४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनाला, कारखान्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. मशीन कुणाचा हात घेत नाही, निष्काळजीपणा घेतो. जुन्या कारागिराला गार्ड, म्हणजे मशीनच्या धोकादायक भागावरचं झाकण, लागत नाही. गार्डने माल कमी निघतो. हात घालायच्या आधी स्विच बंद केला की झालं. आणि हातमोजे घाला. मुंबईत साकीनाक्याच्या गाळ्यांत वीसेक वर्षं मेंटेनन्स केलंय, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी तो जुना कारागीर. पत्रा दाबून कापणारी पॉवर प्रेस मिनिटाला ६० स्ट्रोक मारत असेल, तर वरून खाली यायला अर्धा सेकंद. काहीतरी चुकलंय हे कळून हात हलेपर्यंतच त्यातला पाव सेकंद गेलेला असतो. शिवाय चावीच्या क्लचची जुनी प्रेस एकदा सुटली की मध्ये थांबतच नाही. पेडलवरचा पाय काढा, मोटर बंद करा, फ्लायव्हील, म्हणजे तिचं जड चाक, फेरा पुरा करणारच. क्लचची चावी किंवा स्प्रिंग झिजली की तीच प्रेस एका पेडलवर दोनदा पडते, आणि नेमका तेव्हा हात जॉब, म्हणजे तयार तुकडा, काढायला डायमध्ये, म्हणजे साच्यात, असतो. यात हुशारी काय करणार? उलट जुना माणूस न बघता हात घालतो. डायभोवती असा पक्का गार्ड हवा, की फटीतून पत्रा जाईल पण बोट जाणार नाही.

माल कमी निघतो हे अर्धं खरं. गार्ड बेढब असला, त्यातून जॉब दिसत नसला, तर पीसवर पैसे घेणारा पोरगा तो दुपारपर्यंत काढून ठेवतो. त्याला ओरडण्यापेक्षा गार्ड नीट बनवून घ्या, शेठ.

स्विचचं म्हणाल तर माझ्यावरच बेतलं होतं. मोल्डिंग मशीनच्या मोल्डमध्ये, म्हणजे साच्यात, खांद्यापर्यंत वाकलो होतो. शिफ्ट बदलली, नव्या ऑपरेटरला मी दिसलो नाही, त्याने पंप सुरू केला. मशीनचा दरवाजा उघडा होता आणि दरवाजा उघडा असताना मशीन अडवणारा त्याचा लिमिट स्विच त्या दिवशी कुणी चिंधीने बांधून ठेवला नव्हता, म्हणून मोल्ड मिटला नाही. तेव्हापासून मेन स्विचला माझं कुलूप आणि चावी माझ्या खिशात. हायड्रॉलिक मशीनला तेवढंही पुरत नाही: मोटर बंद असली तरी सील गळलं की रॅम, म्हणजे वरून दाबणारा जड भाग, स्वतःच्या वजनाने खाली येतो. आधी खाली ठोकळा लावायचा, मग हात.

हातमोजे? प्रेसखाली त्यांचा उपयोग शून्य. ड्रिल किंवा लेथवर तर मोजा गुंडाळला जातो आणि हातही ओढून नेतो.

राहिला निष्काळजीपणा. १९४८च्या कारखाने अधिनियमाने धोकादायक भाग झाकायची जबाबदारी मालकावर टाकली. नोव्हेंबर २०२५पर्यंत लागू असलेल्या त्याच्याच कलम २५मध्ये असं होतं, की माणसांची ये-जा असलेल्या जागी स्वयंचलित मशीनचा सरकणारा भाग भिंतीपासून ४५ सेंमीच्या आत येता कामा नये. गाळ्याचं भाडं बघता ते ४५ सेंमी कोण सोडतो? कामगार कमी म्हणून कायदा लागू नसेल, तरी भिंत तेवढीच कठीण असते.

मेसेजच्या शेवटी कुणीतरी "ईएसआय आहेच", म्हणजे कामगारांचा सरकारी विमा आहेच, असं जोडलंय. नुकसानभरपाईच्या यादीत एक अख्खा अंगठा म्हणजे कमावण्याची ताकद ३० टक्के गेली असं धरतात. अंगठा तळहातात दुमडा आणि बोल्टवर एक नट चढवून बघा.