अमरवेल हवेवर नाही, बोरीवर जगते

तीन दिवस झाले तोच मेसेज फिरतोय, गावाकडच्या ग्रुपवर आला, इथं सोलापुरात सोसायटीच्या ग्रुपवर आला, आज आत्यानंपण पाठवला. पिवळ्या वेलीनं झाकलेल्या बोरीचा फोटो आणि खाली लिहिलंय की ही दैवी अमरवेल, हिला मूळ नाही बी नाही, हवेतलं पाणी पिऊन जगते, कधी मरत नाही, सगळीकडे ही एकच, झाडाला काही करत नाही, तेव्हा एक तुकडा आणून दारातल्या झाडावर टाका, बरकत येईल, आणि रस डोक्याला लावला की केस येतात. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे, पण मोहोळ तालुक्यात आमचा घासाचा, म्हणजे जनावरांच्या चाऱ्याच्या लसूणघासाचा, प्लॉट आहे आणि या वेलीनं तो एकदा निम्मा बसवलाय, म्हणून एकेक मुद्दा घेतोच.

"हवेवर जगते." अजिबात नाही. बांधावरच्या बोरीपाशी जा आणि जिथं वेलीचा फांदीला घट्ट वेढा पडलाय तिथं ओढून बघा, सहजासहजी सुटणार नाही, आणि सुटली की आतल्या बाजूला एका ओळीत बारीक बारीक फोड दिसतील, फांदीच्या सालीवरपण त्याच ओळीत खुणा. ती शोषकमुळं. साल फोडून ती आत जातात आणि झाडाच्या दोन्ही नळ्यांना जोडून घेतात, पाणी नेणाऱ्या आणि साखर वाहणाऱ्यापण. म्हणजे बोरीनं उन्हात राबून बनवलेलं अन्न तयार मिळतं, मग पानं कशाला पाहिजेत? हिरवेपणा कुठं थोडा उरलाय, कुठं पार गेलाय.

आता मूळ नाही हे अर्धं खरं, पण त्यात दैवी काही नाही. फुलाची ठेवण बघितली तर ही रताळ्याच्या आणि ओढ्याकाठच्या बेशरमच्या कुळातली, कस्कुटा तिचं शास्त्रीय नाव, लाखो वर्षांत दुसऱ्यावर जगता जगता मुळं-पानं सोडून दिलेली. 2018 मध्ये कस्कुटा ऑस्ट्रेलिस या जातीचा पूर्ण जीनोम, म्हणजे सगळा जनुकांचा आराखडा, वाचला गेला, तेव्हा मुळं, पानं, प्रकाशातून अन्न बनवणं यांच्याशी संबंधित कितीतरी जनुकं गायबच निघाली. कधी फुलायचं हेसुद्धा ही जात ज्या झाडावर बसलीय त्याच्या निरोपावरून ठरवते, हे 2020 मध्ये दाखवलंय.

"बी नाही, मरत नाही." बी आहे, भरपूर आहे! पांढऱ्या बारीक फुलांचे घोस येतात, एका बोंडात चारपर्यंत बिया, एका वेलीला हजारो. कवच इतकं टणक की दहा-दहा वर्षं जमिनीत पडून राहतात, जनावराच्या पोटातून शेणखतातपण जिवंत येतात. ज्वारीतला टारफुला, मुळांवर जगणारं तण, कसा, ज्वारीच्या मुळांचा सुगावा लागल्याशिवाय रुजतच नाही, हिचं तसं नाही, ही कुणी असो नसो रुजते आणि नुसता एक दोरा वर येऊन गोल गोल फिरत आधार शोधतो. आठवडा-दोन आठवड्यांत सापडलं नाही तर मेली, एवढी ती अमर. शोधतेही वासावरून. 2006 मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या संशोधकांनी टोमॅटोचा फक्त वास सोडला तरी कोंब तिकडंच वळले, गव्हापेक्षा टोमॅटोकडे जास्त.

"सगळीकडे एकच." जगात साधारण 200 जाती आहेत, बहुतेक अमेरिका खंडातल्या. बोरीवरची जाड पिवळी वेगळी, घासातली सुतासारखी नारिंगी वेगळी, ती उत्तर अमेरिकेतून बियाण्याबरोबर जगभर पसरलेली. आणि समुद्रकाठी अशीच दिसणारी एक वेल तर चक्क दालचिनीच्या कुळातली आहे, काही नातं नसताना तोच धंदा वेगळ्यानं शिकलेली, मला तर हे कुठल्याही चमत्कारापेक्षा भारी वाटतं.

केसांचं सांगतो. ज्या झाडावर वेल असते त्यातली विषारी द्रव्यंपण तिच्यात उतरतात, हे मोजलेलं आहे. कुठल्या झाडावरून काढली ते माहीत नसताना रस काढून लेकरांच्या डोक्याला चोळू नका.

आणि "तुकडा टाका" हे तर कृपा करून कुणीच करू नका. तुटलेला तुकडा नवीन फांदीला वेढा घालून परत शोषकमुळं घालतो, मेंदीचं कुंपण बघता बघता पिवळं होतं. आमच्या घासात ती बियाण्यातूनच आली होती. घासाचं बी पेरायच्या आधी चिमूटभर पांढऱ्या कागदावर पसरून बघत जा, घासाचं बी गुळगुळीत, काजूसारखं वाकलेलं, हिचं त्याहून बारीक, खरखरीत, मातकट. या खरखरीतपणामुळंच बी साफ करणारे लोखंडाची पूड मारतात, ती हिच्या बीला चिकटते आणि मग चुंबकानं ओढून काढतात. शेतात ठिपका दिसला तर फुलायच्या आत घासासकट खरवडून जाळायचा, नुसती वेल उपटून बांधावर टाकायची नाही. आम्ही पुढं तिथं ज्वारी घेतली, ज्वारीवर ती टिकत नाही, पण परत घास केला तेव्हा पाटाच्या कडेला चार-पाच दोरे वर आलेच, आई अजून दर पाण्याला तेवढी कड बघून येते.