शीप आणि फिश एका माळेत नकोत

'शीप, डिअर, फिश यांना नियम नाही, पाठच करा' हे एकवचन-अनेकवचन सारखंच असणाऱ्या इंग्रजी शब्दांवरच्या लेखातलं वाक्य खटकलं. नियम होता, तो मागे पडला एवढंच. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत शीप, डिअर, स्वाइन (डुक्कर) हे नपुंसकलिंगी शब्दांच्या अशा एका गटातले होते, ज्याला कर्ता-कर्म म्हणून येताना अनेकवचनाचा प्रत्ययच लागत नसे. हॉर्सही त्यातलाच, पण त्याने पुढे 'एस' लावून घेतला. फिश मात्र पुल्लिंगी, त्याचं रीतसर अनेकवचन होतं. १६११ च्या किंग जेम्स बायबलात, म्हणजे बायबलच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात, येशूच्या गोष्टीत पाच भाकऱ्यांसोबत 'टू फिशेस'च आहेत. वेगवेगळ्या जातींबद्दल बोलताना फिशेस आजही चालतं, तेव्हा मुलांच्या वहीत त्यावर सरसकट लाल रेघ नको.

आणि एकवचन-अनेकवचन सारखंच असणं मराठी मुलांना जड जातं म्हणे! एक बैल, दोन बैल. एक वाघ, चार वाघ. आपण काय वेगळं करतो?