उघड्या गाडीचं बंद छप्पर

वरून उघडणारी गाडी बाळगणाऱ्याला लोक पहिला प्रश्न विचारतात मायलेजचा आणि दुसरा, ‘वरचं उघडतं ना?’ ‘बंद होतं का?’ असं मला आजवर एकाही माणसानं विचारलेलं नाही. वास्तविक उघडं असायला दमडी लागत नाही. डोक्यावर काही नसणं फुकट आहे. पैसा, रक्तदाब आणि घरातली भांडणं हा सगळा खर्च बंद होण्याचा.

माझ्याकडे काकांची स्टँडर्ड हेराल्ड आहे. ही इंग्लंडात 1959 साली ट्रायम्फ हेराल्ड म्हणून निघाली. तिचं रूप मिकेलॉत्ती नावाच्या इटालियन माणसानं काढलेलं. 1961 पासून ती मद्रासला बनू लागली. इंग्लंडात तिचा उघडा अवतार थेट कारखान्यातून मिळायचा. काकांनी घेतली ती साधी, टपाची. पण हेराल्डची खुबी अशी की तिची चासी वेगळी आणि टप नटबोल्टांनी बसवलेला. पाने घेऊन चार जण जमले की टप सुटून हातात येतो. हल्लीच्या गाडीचा टप काढला तर गाडी मधून खचेल. हेराल्डला काही वाटत नाही. हे काकांना कुणीतरी सांगितलं, आणि आयुष्यात एकदाच काकांनी कुणाचं तरी ऐकलं. काढलेला टप बरीच वर्षं रामबागेतल्या आमच्या अंगणात उताणा पडून होता. आजी त्यात कुरडया वाळवायची. गाडीवर लोखंडी कमानींचा सांगाडा आणि त्यावर कापडी हूड आलं, आणि तेव्हापासून आमचं घराणं ढगांना भिऊन आहे.

इंदुरात अशा गाडीचं कौतुक जरा जास्तच. कोणी पाहुणा आला की हमखास म्हणणार, “वा, होळकरी थाट!” महाराज यशवंतरावांकडे, म्हणजे दुसरे यशवंतराव, माणिकबागवाले, अमेरिकन ड्युसेनबर्ग होती, लंडनच्या गर्नी नटिंगनं बॉडी बांधलेली. तीही उघडी. पण महाराजांची गाडी भिजायला लागली तर महाराज दुसऱ्या गाडीत बसत. आमची भिजते तेव्हा आम्ही आतच असतो.

यंदा भाच्याचं लग्न ठरलं आणि ताईनं फर्मान काढलं, “वरात मामाच्याच गाडीतून. पण त्या हूडचं काहीतरी कर रे, लोक बघतील.” हूडची तब्येत खरंच लपवण्यासारखी नव्हती. रेक्झिन आकसून पुढच्या काचेपर्यंत पोचेनासं झालेलं. कडेची टिचबटणं लावायची तर एकानं ओढायचं आणि दुसऱ्यानं दाबायचं, आणि एक लागलं की पलीकडचं फटकन उघडायचं. मागची प्लॅस्टिकची काच इतकी पिवळी पडली होती की आरशात पाहिलं तर माझ्या मागच्या इंदुरात चोवीस तास संध्याकाळ असायची.

पुण्याच्या एका जाणकारानं कळवलं की हेराल्डचं तयार हूड आजही विलायतेहून मागवता येतं. अस्सल कापड तीन पदरी असतं: वर विणलेलं, आत सुती, मधे रबर. ऐकून बरं वाटलं. पण ते हूड विलायती सांगाड्याच्या मापाचं, आणि आमचा सांगाडा काकांच्या कल्पनेच्या मापाचा. मग सियागंजात ताडपत्रीवाल्यांकडे चौकशी केली. त्यांनी ट्रक केवढा आहे ते विचारलं. शेवटी एकानं मालवा मिलकडच्या गल्लीतल्या उस्तादांचं नाव सांगितलं. ते रिक्षाचे हूड शिवतात.

माझं ठाम मत आहे की या देशात गाडीचं कापडी छप्पर कळणारी जमात एकच, आणि ती रिक्षाची हूडं शिवते. जुन्या गाड्यांची प्रदर्शनं भरवणाऱ्यांनी पहिला सत्कार यांचा करावा.

उस्तादांनी फाटक्या कापडाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सांगाडा धरून गदागदा हलवला. कमानींच्या सांध्यांतले रिव्हेट झिजलेले. उजवी बाजू काचेला टेकली की डावी दोन बोटं वर. “भिया, कपडा बाद की बात. पेले हड्डी सीधी करो.” वाकड्या सांगाड्यावर नवं कापड घातलं की सुरकुत्या पडतात, आणि सुरकुतीत पाणी साठतं, आणि साठलेलं पाणी आपल्या मानेवर कधी सोडायचं हे हूड ठरवतं. मग रिव्हेट नवे आले आणि कमानींना कमानींशी बांधणाऱ्या कुजलेल्या पट्ट्यांच्या जागी नवी नवार आली. आम्ही लहानपणी खाटेला विणायचो तीच नवार. तिची लांबी चुकली तर कमानी आपापल्या जागी उभ्याच राहत नाहीत.

नंतर दोऱ्यावरून वाद. माझ्या मेहुण्याला दुनियेतलं सगळं कळतं. तो म्हणाला, नायलॉनचा दोरा घाला, मजबूत असतो. उस्तादांनी त्याला बसायला स्टूल दिलं. म्हणाले, नायलॉन तुटत नाही हे खरं, पण सुईनं पाडलेलं भोक उघडंच ठेवतो. सुती दोरा भिजला की फुगतो आणि आपलं भोक आपणच बुजवतो. त्यांचे वडील तंबू शिवायचे. मेहुणा चहा होईपर्यंत गप्प होता. हूडच्या एकूण खर्चात मी तेवढी वसुली धरतो.

उस्तादांचा हात रिक्षावर बसलेला असल्यानं अधूनमधून त्यांना आवरावं लागे. कडेनं झालर नको, हे दोनदा सांगितलं. चमकणाऱ्या पट्ट्या नकोत. “पीछे क्या लिखवाओगे?” काहीच नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. “माँ का आशीर्वाद भी नहीं?” ताई शेजारीच उभी होती. नवऱ्या मुलाची आई. तिला नकार द्यायला मला फार कठीण गेलं.

कापड चढवायचं भर उन्हात, हा त्यांचा नियम. मे महिना, दुपार, इंदूर. तापलं की रेक्झिन मऊ पडतं, ताणलं जातं, गार झालं की बसतं. दारं लावलेली, काचा वर केलेल्या, नाहीतर नंतर दारंच लागत नाहीत. पुढच्या पट्टीच्या आणि मागच्या पट्टीच्या बरोबर मध्यावर खडूची रेघ, कापडाच्या मध्यावर तशीच रेघ. आधी मागची बाजू पक्की करायची, मग पुढे ओढायचं. पकडून ठेवायला काही हवं होतं, म्हणून आमच्या गच्चीवरचे कपड्यांचे चिमटे आले. “अहो, ते मोजून नेताय ना?” ही आतून आलेली सूचना.

“खींचो!” मी, भाचा, मेहुणा आणि विनाकारण थांबलेला दूधवाला, सगळे ओढतोय. उस्ताद एक डोळा मिटून रेघ बघतायत. रेघ बोटभर डावीकडे. “खोलो.” पुन्हा सगळं सोडा, पुन्हा ओढा. आता रेघ बरोबर, पण मागच्या कोपऱ्यात फुगा. “खोलो.” दूधवाल्याचं दूध नासायच्या बेतात होतं, पण आता त्याला रेघ बघितल्याशिवाय जाववेना. अखेर उस्तादांनी ताणलेल्या कापडावर बोटानं टिचकी मारली. टण्ण. एकही सुरकुती नाही. मागची नवी काच इतकी स्वच्छ की शेजारच्या काकू हात करताना दिसल्या. इतकी वर्षं त्या हात करत होत्या, हे मला तेव्हा कळलं.

हातावर पैसे ठेवताना उस्तादांनी पथ्य सांगितलं. ओलं असताना घडी नाही. थंडीत काच दुमडायची नाही, चिरते. “और अभी पंद्रह दिन खोलना मत. धूप में तना रेने दो, शेप पकड़ेगा.”

“लग्न परवा आहे,” ताई म्हणाली.

“हओ,” उस्ताद म्हणाले, “तो बंद में ले जाओ.”

बंद हेराल्डच्या मागच्या सीटवर भाचा मावतो. भाच्याचा फेटा मावत नाही. फेटा सकाळी खास माणूस बोलावून बांधलेला, काढायची सोय नाही. भाचा तिरका बसला, तुरा नव्या कापडात घुसला. “अरे, फेटा सांभाळ!” ताई ओरडली. “अरे, कापड सांभाळ!” मी. शेवटी सीटची गादी काढली, खाली सतरंजी घातली आणि नवरदेव मांडी घालून गाडीच्या तळाशी बसला. बँड सुरू झाला. आमंत्रण दिलं होतं म्हणून उस्तादही वरातीत आले होते, ते पूर्ण वेळ हूडला हात लावून चालले. कार्यालयाच्या दाराशी व्याही पुढे झाले, काचेतून आत पाहिलं, मला वाकून नमस्कार केला आणि अदबीनं विचारलं, “नवरदेव मागच्या गाडीत आहेत का?”